अंड्याचे पाच रुपये आणि 'लोकसहभाग'

रानजाई
आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एका निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहिलं, "शाळेतली अंडी बंद झाली हे उत्तम झालं. शाळा शिकण्यासाठी असते, खानावळ नव्हे. ज्याला अंडं खायचं त्याने घरी खावं." खाली अंगठे, जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल. ग्रुपवर सासरे, चुलत सासरे सगळे आहेत, म्हणून तिथे तोंड मिटून बसले. इथे बसणार नाही.

या काकांची नातवंडं पिवळ्या बसने तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातात. त्यांच्या डब्यात काय असतं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण सूनबाई रोज स्टेटसला लावतात. माझी मुलगी झेडपीत चौथीला. तिला घरी अंडं मिळतं, त्यामुळे रडगाणं माझ्या घरचं नाही. पण तिच्या वर्गात ऊसतोडीच्या टोळीतली मुलं आहेत. आई-बाप पहाटे चारला फडात, पोरं सकाळी चहात बुडवून बटर खाऊन येतात. अंड्याच्या दिवशी ही मुलं शाळा चुकवत नसत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. 'घरी खावं' म्हणणाऱ्यांनी एकदा ऊसतोड्यांच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, जाऊन बघावं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्याला केळं. सव्वा वर्ष झालं नाही तोच २८ जानेवारी २०२५ चा जीआर आला. अंडा पुलाव, गोड खिचडी, नाचणी सत्त्व आता 'ऐच्छिक'. अंडी आणि साखर यांना सरकार वेगळा पैसा देणार नाही, हवं तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकसहभागातून उभा करावा. अंड्यामागे पाच रुपये, तेही आठवड्यातून एकदा, एवढं जड झालं?

निष्पक्ष_नागरिक
ताई, भावना पोचल्या. पण सरकारने करायचं तरी किती? पुस्तकं सरकारची, गणवेश सरकारचा, दुपारचं जेवण सरकारचं. आई-बापांनी फक्त जन्म द्यायचा का? आम्ही सुकडी खाऊन शिकलो, अंडं कधी मागितलं नाही. आज बऱ्या हुद्द्यावर आहोत.

खवचट_खंडू
सुकडी काय तुमच्या आजीने पाठवली होती? तीही सरकारचीच होती, साहेब.

निष्पक्ष_नागरिक
तो दुष्काळाचा काळ होता. तुलना करताना जरा अभ्यास असावा.

खडू_फळा
मी मराठवाड्यात झेडपी शिक्षक आहे. दोन्ही बाजूंना नमस्कार करून सांगतो, अंडी बंद झाल्यावर मला पहिल्यांदा हायसं वाटलं. शिव्या घालायच्या आधी ऐका.

अंडी आणायची कोणी? मी. तालुक्याच्या होलसेलवाल्याकडून ३० चा एकेक ट्रे, दोरीने बांधून मोटारसायकलवर. आमचा रस्ता कसा आहे ते आमदारांना विचारा. पोचेपर्यंत दोन-चार तडकलेली. तडकलेलं अंडं उकळायला टाकलं की पांढरं बाहेर येऊन पातेलंभर फेस. ते मुलाला द्यायचं की रजिस्टरला तूट दाखवायची? सरकारी दर पाच रुपये, थंडीत बाजारात साडेसहा-सात. वरचे पैसे कोणाचे? उकडायचं, सोलायचं, वाटायचं, फोटो काढायचा, माहिती भरायची, आणि रेंज नसली तर संध्याकाळी टेकडीवर जाऊन भरायची. वर जानेवारी २०२४ मध्ये परिपत्रक की ओळखपत्रावर लाल आणि हिरवा ठिपका लावा, कोण अंडं खातो आणि कोण नाही ते कळायला. पहिलीच्या पोराच्या गळ्यात साबणाच्या वेष्टनावर असतो तसा ठिपका! अपूर्णांक कधी शिकवू?

रानजाई
सर, तुमची अडचण खरी आहे. पण त्यावर उपाय वाहतुकीचे पैसे आणि एक माणूस देणं हा होता. अंडंच काढून घेतलं की झालं?

खडू_फळा
ताई, तेच म्हणतोय. हायसं वाटलं एवढंच म्हणालो, बरोबर झालं असं कुठे म्हणालो? पुढच्या शुक्रवारी एका पोराने विचारलं, "सर, आज पण नाही?" त्याला जीआर वाचून दाखवू का?

आणि स्वयंपाकी मावशींना महिन्याला अडीच हजार मानधन. त्यांच्याबद्दल इथे कोणी चकार शब्द काढलेला नाही.

माळकरी_पाटील
राम कृष्ण हरी. आमच्या घरात तीन पिढ्या माळ आहे. अंड्याला विरोध करणारे सगळे पुण्या-मुंबईचे शेठ असतात असं समजू नका. आमच्या शाळेत स्वयंपाक करणारी बाईसुद्धा माळकरीण. तिला अंड्याला हात लावायला सांगितलं तर तिने काम सोडायचं का? आणि पातेलं तेच, चमचा तोच. दुसऱ्याच्या पोराने खावं, माझी ना नाही. पण माझ्या नातवाच्या खिचडीचं पातेलं वेगळं असावं, एवढं मागितलं तर आम्ही लगेच प्रतिगामी?

खवचट_खंडू
पाटीलबुवा, नातवाला विचारलंय का? आमच्या शाळेत माळकऱ्यांच्या पोरांचा धंदा जोरात होता. केळं देऊन अंडं घ्यायचं, शौचालयाच्या मागे. वर आणखी एक पेन्सिल.

माळकरी_पाटील
असेल. पोरं आहेत. पण म्हणून पातेल्याचा प्रश्न मिटत नाही.

खडू_फळा
पाटलांचं पातेल्याचं म्हणणं रास्त आहे. आम्ही अंड्याला पातेलं वेगळं ठेवलं होतं, मावशींच्या जाऊबाई येऊन उकडून द्यायच्या. त्यांना मानधन शून्य. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

प्रथिनवाला
मूळ विषयावर या. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, केळ्यात एक-सव्वा. पहिली ते पाचवीच्या ताटासाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं हा सरकारचाच निकष. तो पातळ डाळीतून कसा भरतो हे ज्याने शाळेची डाळ पाहिली आहे त्याला माहीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आहेत. तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं. त्यांनी १९८९ ला पंधरवड्याला एकापासून सुरुवात केली होती. कर्नाटकने सुद्धा वाढवलं.

निष्पक्ष_नागरिक
कर्नाटकचं पूर्ण सांगा ना. तिथे चार दिवसांची अंडी अझीम प्रेमजी फाउंडेशन देतं, सरकार दोन दिवसांची. म्हणजे लोकसहभागच! मग आपल्याकडे त्या शब्दाची एवढी ॲलर्जी का?

प्रथिनवाला
सरकारने स्वतःचे दोन दिवस चालू ठेवले आणि मग दात्याला बोलावलं. आपण आपला एक दिवस काढून घेतला आणि दात्याचा पत्ताच नाही. आमच्या वाडीत अझीम प्रेमजी कोण? किराणावाला?

निष्पक्ष_नागरिक
खरं बोलायचं तर पैसे कुठे गेले हे सगळ्यांना ठाऊक आहे. 'लाडकी बहीण' योजनेत बहिणींना दरमहा १५०० वाटले की भाच्यांची अंडी जाणारच. निवडणुकीआधी खात्यात पैसे, निवडणुकीनंतर तिजोरीत खडखडाट. आणि घेणाऱ्या कोण? आमच्या कॉलनीत चारचाकीवाल्या बायकांनीसुद्धा फॉर्म भरले होते. पार्लरला जातात त्या पैशाने.

बांधावरची_बाई
आतापर्यंत नुसती वाचत होते. मी लाभार्थी आहे, बीड जिल्ह्यातली. माझ्याकडे ना चारचाकी, ना पार्लर.

लग्नानंतर इतकी वर्षं दुकानात वहीवर मांडून आणायचे. नवरा संध्याकाळी पैसे देणार, दिले तर. माझ्या खात्यावर पैसे आले तेव्हा आधी पोराचा चष्मा केला, गेल्या वर्षभर फळ्यावरचं दिसत नव्हतं त्याला. उरलेल्यात गॅस. मग अंड्यांचा ट्रे रोखीने आणला. दुकानदार म्हणाला, "वहिनी, आज वही नाही?" तुम्हाला यात पार्लर दिसतंय?

निष्पक्ष_नागरिक
ताई, तुमचा आदर आहे. पण तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. पैसे हातात आले, अंडी घरी आली. मग शाळेत कशाला?

बांधावरची_बाई
माझ्या घरी आली. ज्या बाईचं आधार बँकेला जोडलेलं नाही, किंवा ज्या पोराला आईच नाही, त्याच्या घरी कशी येणार? आणि मला एक सांगा, मी माझ्या पैशाचं काय केलं याचा हिशेब तुम्ही मला विचारायचा? तुमच्या पेन्शनीचा मी विचारला का कधी?

निष्पक्ष_नागरिक
पेन्शन मी चौतीस वर्षं नोकरी करून कमावली आहे. ती भीक नाही.

बांधावरची_बाई
म्हणजे माझे पैसे भीक. बरं झालं स्पष्ट बोललात.

रानजाई
निष्पक्ष काका, हे फार झालं. मागे घ्या.

निष्पक्ष_नागरिक
मी त्यांना उद्देशून बोललो नव्हतो. हल्ली खरं बोललं की लोकांना लागतं.

खवचट_खंडू
नाव निष्पक्ष, आणि पहिल्या ओळीपासून एकच पक्ष.

सॅनहोजेकर
इथे कॅलिफोर्नियात २०२२ पासून सगळ्या सरकारी शाळांत न्याहारी आणि जेवण मोफत आहे, पालकाचा पगार न विचारता. माझी मुलगी आणि तिच्या शाळेत साफसफाई करणाऱ्याचा मुलगा एकाच रांगेत ट्रे घेतात. कोणाला लाज वाटत नाही. भारतात हे झालं तर...

खवचट_खंडू
आले! २०२५ च्या सुरुवातीला तुमच्याकडे अंडी डझनाला पाच-सहा डॉलर झाली होती म्हणे, बर्ड फ्लूमुळे. तुम्हालाच बीडवरून एक ट्रे पाठवावा लागला असता.

सॅनहोजेकर
खरं आहे, तेव्हा दुकानात डझनाच्या वर देत नव्हते. पण शाळेतलं जेवण बंद केलं नाही कोणी, एवढंच सांगायचं होतं.

हिशेबनीस
लाडकी बहीणवरून भांडणाऱ्यांनी एकदा आकडे बघावेत. योजना जाहीर झाली तेव्हाचा अंदाज वर्षाला ४६ हजार कोटी. अंड्यांसाठी बातम्यांमध्ये आलेला आकडा वर्षाला सुमारे ५० कोटी. म्हणजे हजार रुपयांत एक रुपया. तो एक रुपया वाचवून तिजोरी कशी सावरणार? ज्यांना लाडकी बहीण नको आहे त्यांनी ती बंद करा म्हणून खुशाल लिहावं. ज्यांना हवी आहे त्यांनी निवडणुकीत कबूल केलेले महिना २१०० कधी ते विचारावं. पण अंड्याचा बळी बहिणींनी घेतला हे गणितात बसत नाही.

निष्पक्ष_नागरिक
थेंबे थेंबे तळे साचे.

हिशेबनीस
मग पहिला थेंब जाहिरातींच्या बजेटमधून काढा. पोरांच्या ताटातूनच का?

माळकरी_पाटील
हे मात्र पटलं. आमच्या फाट्यावर वाढदिवसाचं बॅनर लागलंय चाळीस फुटी, त्या खर्चात शाळेला वर्षभर केळी आली असती. (केळीच म्हणतोय, खंडू, हसू नका.)

बांधावरची_बाई
पाटीलबाबा, तुमच्या नातवाला केळं मिळावं, माझ्या पोराला अंडं मिळावं. आपलं भांडण नाहीच. भांडण लावून देणारे वेगळे.

माळकरी_पाटील
पातेलं वेगळं.

बांधावरची_बाई
पातेलं वेगळं. घ्या लिहून.

प्रथिनवाला
अंड्यावरून सुरू केलेल्या धाग्यात पार्लर, पेन्शन, कॅलिफोर्निया आणि बॅनर येऊन गेलं. नाचणी सत्त्वाची साखरसुद्धा गेली आहे, ते कोणाच्या लक्षात तरी आहे का? बिनसाखरेचं सत्त्व कोणतं पोर खाईल?

खडू_फळा
गूळ घालतो. माझ्या घरचा. लोकसहभाग.

रानजाई
सोमवारी आमच्या शाळेत व्यवस्थापन समितीची बैठक आहे. मी सदस्य आहे. ग्रुपवर गुलाबाचं फूल टाकणाऱ्या सगळ्यांना नावानिशी निरोप धाडलाय, लोकसहभागासाठी वहीपेन घेऊन या म्हणून. एकाचं उत्तर आलंय, "त्या दिवशी बाहेरगावी आहे."

निष्पक्ष_नागरिक
माझ्याबद्दल इथे जे चित्र उभं केलं जातंय ते पाहून वाईट वाटलं. माझा विरोध धोरणाला आहे, मुलांना नाही. खडू-फळा सर, तुमच्या शाळेला महिन्याचे ट्रे माझ्याकडून. सरकारने द्यायला हवेत हे मला अजूनही मान्य नाही. आणि कृपया फोटोबिटो नकोत.

खडू_फळा
आभारी आहे, साहेब. फोटो मात्र काढावाच लागेल, ऑडिटला लागतो. आणि पावती कोणाच्या नावाने फाडू? 'निष्पक्ष नागरिक' लिहिलं तर केंद्रप्रमुख मला कामाला लावतील.