जन्मगावीच आयुष्य काढलेलं इथे कुणी आहे का?

प्रश्न: वय 61. ज्या अंगणात रांगलो तिथेच राहतो. बरोबरीचे सगळे बाहेर पडले. 2007च्या सुमारास जगात शहरी माणसं खेड्यातल्यांपेक्षा जास्त झाली. मागे राहिलेल्यांनो, तुम्हाला काय वाटतं?

उत्तर: लग्नानंतरही मी इथेच राहिले, मनापासून. विहिरीच्या किती पायऱ्या कुठल्या महिन्यात उघड्या पडतात, मला पाठ आहे. (या वर्षी दोन जास्तच दिसल्या, काळजी वाटते.)

उत्तर: मला जड जातं ते वेगळंच. ज्यांनी कडेवर खेळवलं, त्या बहुतेकांना मीच शेवटचं पोचवलं. दूर गेलेल्यांना फक्त निरोप कळतो.

प्रश्नकर्ता: अगदी हेच. शाळेची वाट तीच आहे, पण मला लहानपणीच्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बसतो.