उपग्रहाच्या चित्रात आमच्यावर काहीच नाही आणि बाहेर धो धो पाऊस, असं का?

वाशिष्ठीकाठ (प्रश्न)

ग्रामपंचायतीच्या आपत्ती गटासाठी इन्सॅट या भारतीय हवामान उपग्रहांची चित्रं रोज बघून गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायची आहेत. पण दोन गोष्टींचा मेळ लागत नाही. मे महिन्यात रंगीत इन्फ्रारेड चित्रात चिपळूणवर लालभडक डाग असतो आणि खाली थेंब नाही. जुलैत बरोबर उलटं. चित्रात फिकट राखाडी आणि पर्जन्यमापकात २४ तासांत १५०-२०० मिमी. मग या चित्रावरून लोकांना सावध करायचं तरी कसं? अतिवृष्टी, वीज, चक्रीवादळ यांपैकी कशासाठी उपग्रह बघावा आणि कुठे त्याच्यावर विसंबू नये?

ढगमाप्या

तुम्ही बघता तो पाऊस नाही, ढगाच्या माथ्याचं तापमान आहे. इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्वेवर आणि इन्सॅट-३डीएस ८२ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किमीवर आहेत. इन्फ्रारेडच्या १०.३ ते ११.३ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात ते ढगाच्या वरच्या थरातून निघणारी उष्णता मोजतात. माथा जितका उंच तितका थंड, आणि रंगपट्टीत तितका लाल. पोटात काय चाललंय ते या पट्ट्यात कळत नाही.

मेमधला लाल डाग म्हणजे बऱ्याचदा वळवाच्या ढगाचा पसरलेला माथा. ढग घाटमाथ्यावर वाढतो, सर तिकडेच कोसळते, आणि वरचा बर्फकणांचा पापुद्रा वाऱ्याबरोबर तुमच्यावर येतो. तापमान उणे ५०-६० अंश, पाणी शून्य. दिवसा शेजारी दृश्य प्रकाशाचं चित्र उघडा. पाऊस पाडणारा ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा खडबडीत दिसतो. नुसता पापुद्रा धुरकट असतो, त्यातून खालची किनारपट्टीही दिसते. रात्री दोन इन्फ्रारेड पट्ट्यांमधला (टीआयआर-१ वजा टीआयआर-२) फरक बघा. विरळ पापुद्र्यात तो काही अंशांचा निघतो, जाड ढगात शून्याजवळ येतो.

जुलैचं गणित वेगळं. दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, पण ढगाचा माथा कित्येकदा ५-६ किमीवरच थांबतो. पावसाळ्यात शून्य अंशाची पातळीही साडेपाच किमीच्या आसपास असते. म्हणजे बर्फ जवळजवळ नाहीच, थेंबाला थेंब मिळून पाऊस होतो. इन्फ्रारेडवरून पाऊस काढायची जुनी पद्धत २३५ केल्विनहून (उणे ३८ अंश) थंड माथ्याला ताशी ३ मिमी धरते. तुमचा जुलैचा ढग त्या उंबऱ्याच्या जवळपासही जात नाही, म्हणून हिशेबात त्याचा पाऊस शून्य. पुढच्या पद्धतींमध्ये हवेतला ओलावा आणि डोंगराचा उतार धरून दुरुस्ती करतात, तरी कोकणात आकडा कमीच पडतो.

डोंगरवारा

वर सगळं इन्फ्रारेडचं झालं. मायक्रोवेव्ह (काही उपग्रह मोजतात त्या जास्त लांबीच्या लहरी) ढगाच्या आत पोचतं, समुद्रावर त्याचा पावसाचा अंदाज बराच बरा असतो. पण जमिनीवर तेही मुख्यतः बर्फकणांनी विखुरलेल्या लहरींवरूनच पाऊस ओळखतं. बर्फ नाही तर पाऊस नाही, अशी त्याची समजूत! त्यामुळे घाटाच्या पायथ्याशी दोन्हीकडून फसगत.

रडार बघा म्हणून कुणी सांगेल, तर त्याचीही मर्यादा ऐका. रडारचा सर्वात खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाने वर जातो, आणि पृथ्वी गोल असल्याने लांब गेला की आणखी उंचावतो. १०० किमीवर दीड किमी, २०० किमीवर चार किमी. चिपळूण मुंबईच्या रडारपासून सरळ रेषेत सुमारे १७० किमी आणि पणजीच्या रडारपासून सव्वादोनशे. म्हणजे तुमच्या डोक्यावर मुंबईचा झोत तीन किमीच्या पुढे आणि पणजीचा पाच किमीच्या घरात. सहा किमीच्या ढगाचं खालचं अंग, जिथे थेंब मोठे होतात, ते झोताखालीच राहतं. म्हणून रडारवर फिकट हिरवं दिसलं तरी निर्धास्त होऊ नका.

जुलैच्या पुरासाठी पोफळी, शिरगाव, कुंभार्ली घाट या बाजूच्या पर्जन्यमापकांचा तासातासाचा आकडा, कोळकेवाडी धरणाचा विसर्ग आणि भरतीची वेळ या तीन गोष्टी कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा कामाच्या. तेही एकाच ठिकाणचा आकडा धरून चालू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला आणि वीस-बावीस किमीवरच्या कुलाब्याला ७३.

वाशिष्ठीकाठ

झोताचा हिशेब पटला. मग चक्रीवादळाला तरी उपग्रह पुरतो का? त्या दिवसांत रात्री लाल गोळ्यावर बाण काढून ‘डोळा इथे आहे’ म्हणत चित्रं फिरतात.

उधाण

खोल समुद्रात ना रडार ना पर्जन्यमापक. तिथे उपग्रहच. १९७०च्या दशकात व्हर्नन ड्वोराक यांनी बसवलेली पद्धत आजही वापरात आहे. ढगांचा वळलेला पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला ते मोजून टी-क्रमांक (वादळाच्या जोराचा आकडा) देतात. साधारण अर्धा वेढा झाला की टी २.५, म्हणजे वारा ३५ नॉट, ताशी ६५ किमी. इथे त्याला ‘चक्रीवादळ’ म्हणतात. पूर्ण वेढ्याला ३.५ ते ४, म्हणजे ५५ ते ६५ नॉट. डोळा उघडला की डोळ्याचं आणि भोवतीच्या कड्याचं तापमान बघतात. डोळा उबदार आणि कडं थंड, तितकं वादळ जोरकस. तरीही दोन जाणकारांच्या क्रमांकात अर्ध्याचा फरक सहज पडतो.

आता तुमचे बाण. डोळा तयार झालेला नसतो तेव्हा केंद्रावर थंड ढगांचं झाकण असतं. खालच्या, केंद्राभोवती फिरणाऱ्या ढगांचं तापमान समुद्राच्या जवळपास असल्याने रात्री इन्फ्रारेडमध्ये ते पाण्यात मिसळून जातात. वरच्या वाऱ्याने झाकण सरकलं की लोक लाल गोळ्याच्या मध्यावर बाण मारतात, आणि उजाडल्यावर दृश्य चित्रात केंद्र भलतीकडेच उघडं पडलेलं सापडतं. हे टाळायला ध्रुवीय कक्षेतल्या उपग्रहांचं ८९ गिगाहर्ट्झचं मायक्रोवेव्ह चित्र लागतं, त्यात झाकणाखालचे पट्टे दिसतात. ईओएस-०६ या भारतीय उपग्रहावरचा स्कॅटरोमीटर समुद्राच्या पृष्ठावरचा वारा देतो, पण मुसळधार पावसात त्याचं मोजमाप बिघडतं. शिवाय हे उपग्रह दिवसातून मोजक्या वेळाच वरून जातात. मधल्या तासांत केंद्र कुठे असेल ते अंदाजानेच ठरतं.

आणखी एक, फारसं कुणी न सांगितलेलं. उपग्रह तिरपा बघतो, त्यामुळे उंच ढग चित्रात सरकलेला दिसतो. कोकणाजवळचा १५ किमी उंच माथा इन्सॅटमध्ये सुमारे सहा किमी उत्तरेला जातो. ४५.५ अंश पूर्वेवरच्या मेटिओसॅट-९ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात ही चूक दुप्पट, आणि तीही मुख्यतः पूर्वेकडे. म्हणजे अरबी समुद्रातलं वादळ आहे त्यापेक्षा किनाऱ्याला जवळ दिसतं.

वेळेचंही भान हवं. निसर्ग चक्रीवादळ १ जून २०२० ला डिप्रेशन (चक्रीवादळाआधीची पायरी) झालं आणि ३ जूनला दुपारी श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं. हवामान खात्याचे टप्पे असे: ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तासांना पिवळा इशारा, २४ तासांना नारिंगी, १२ तासांना लाल. गटावर बाणाऐवजी त्या बुलेटिनमधले अक्षांश-रेखांश टाका.

ढगमाप्या

विजेचं राहिलं. वळवाचा ढग अर्ध्या तासात कडाडायला लागतो, आणि एक इन्सॅट दर ३० मिनिटांनी चित्र देतो. दोघांची पाळी लावली तर १५. त्यात ते जाळ्यावर चढायला लागणारा वेळ धरा. सलग दोन चित्रांत माथा उणे २० वरून उणे ५० वर गेला तर तो ढग वाढतोय, एवढं समजतं. पण शेतातल्या माणसासाठी आयआयटीएम या पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेचं ‘दामिनी’ ॲप बरं. ते जमिनीवरच्या संवेदकांवर चालतं.

आणि चित्रावरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते. साडेपाच तास मिळवा. ०६०० लिहिलेलं चित्र सकाळी सहाचं नाही, साडेअकराचं. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे मध्यरात्रीच्या सुमारास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत जातो, तेव्हा एखाददुसरं चित्र गायब किंवा डागाळलेलं असू शकतं. वेळ छापलेली नसेल तर ते चित्र पुढे पाठवूच नका.