प्रदर्शनाचे फोटो आणि सिंहगडाचा टॉवर

मनीषाताई, बी-५०१: नमस्कार. गणपतीतल्या 'आपला सह्याद्री' प्रदर्शनासाठी फोटो येतायत, आनंद आहे. यंदा तरी स्वतः काढलेलेच द्यावेत ही विनंती. मागच्या वर्षीच्या 'कास'बद्दल मी काही बोलत नाही.

फडके काका, बी-२०३: बोलत नाही म्हणत बोललातच. तो फोटो मेव्हण्याचा आहे हे मी बक्षीस घेताना सांगितलं होतं.

श्रुती, ए-३०४: घेताना नाही काका, घेतल्यावर 😄

सावंत, डी-७०३: डी विंगच्या लिफ्टचा दरवाजा परत अडकतोय.

फडके काका: यंदा मेव्हणा नाही. वर टाकलाय तो 'कोकणकड्यावरचा सूर्योदय'. स्वतः काढलाय, माझ्या निकॉनवर.

मनीषाताई: फोटो सुरेखच आहे काका. पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचं तोंड पश्चिमेला. तिथे समोर सूर्य बुडतो, उगवत नाही.

फडके काका: तुम्ही शाळेत होतात तेव्हापासून गड फिरतोय मी.

मनीषाताई: म्हणूनच नवल वाटलं. सकाळी गेलं तर सूर्य पाठीशी, समोर दरीत धुकं. नशीब असेल तर इंद्रवज्र दिसतं, मधोमध आपली सावली आणि भोवती रंगांचं गोल कडं. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली छापलेल्या लेखात हरिश्चंद्रगडावरच्या ह्याच प्रकाराचं वर्णन केलंय.

फडके काका: बरं, सूर्यास्त लिहा. नाव बदलल्याने फोटो वाईट होत नाही.

जोशी (सेक्रेटरी), ए-१०१: सर्वांनी खेळीमेळीने घ्यावे 🙏 शेवटची तारीख रविवार.

सावंत: सेक्रेटरी ऑनलाइन दिसतायत म्हणून परत टाकतो. डी विंग. लिफ्ट. दरवाजा.

नेने काकू, ए-४०२: आमचा पण घ्या. कासला नात फुलांत बसलीये, किती गोड आलाय बघा.

मनीषाताई: काकू, नात गोडच आहे. पण हा लावायला नको. कातळाचा सडा आहे तो, वर मातीचा जेमतेम थर. तुडवलेलं फूल बी धरत नाही. हा बघून उद्या दहाजण पोरं फुलांत बसवतील.

नेने काकू: दोन वर्षांची पोर तुडवून तुडवून किती तुडवेल? असो. नकोतच आमचे फोटो.

रोहन, सी-६०४: माझी एन्ट्री. आपल्या गच्चीवरून सिंहगड, पाऊस थांबल्या थांबल्या. मध्ये केबलच्या तारा येत होत्या, त्या एआयने काढल्या.

नेने काकू: अगदी पोस्टकार्ड रे! पण हा सिंहगडच ना?

फडके काका: टॉवर कुठाय?

रोहन: अरेच्चा. तारांबरोबर तोही गेला वाटतं.

देवधर, सी-१०२: अर्ध्या पुण्याला सिंहगड कळतो तो टॉवरमुळे. आता हा तोरणा म्हणूनही खपेल.

श्रुती: गड चढायला मावळ्यांना दोर लागला, टॉवर उतरवायला रोहनला एक बोट 🤣

फडके काका: ह्याला फोटो म्हणत नाहीत.

रोहन: काका, तुमचं आकाश वांग्यासारखं जांभळं आहे. ते कॅमेऱ्यातून तसंच आलं?

फडके काका: लेन्सला पोलरायझर फिल्टर लावला होता.

रोहन: पोलरायझर ओल्या पानांवरची चमक मारतो, निळं गडद करतो. जांभळं नाही करत. हे सॅच्युरेशन आहे.

फडके काका: थोडं वाढवलं असेल. डार्करूममध्येही आम्ही प्रिंट गडद-फिकी करायचोच.

रोहन: मग मी काय वेगळं केलं?

मनीषाताई: रंग कमी-जास्त करणं वेगळं आणि असलेली वस्तू नाहीशी करणं वेगळं. मूळ फोटो टाक बघू. आपल्याला सिंहगड तारांमधूनच दिसतो, तसाच दिसू दे.

रोहन: 📷

नेने काकू: अय्या, तारेवर खंड्या बसलाय! पंख फुगवून, चोचीवरून थेंब गळतोय. मेल्या, त्यालाही पुसलंस?

फडके काका: हा लावा. हा फोटो आहे.

सावंत: खंड्या बसलेला दिसला, लिफ्टमध्ये माझी आई अडकलेली दिसली नाही कोणाला.

जोशी (सेक्रेटरी): सावंत, काकू बाहेर आल्या का? मेकॅनिक दुपारी येतोय. तोवर कृपया जिना वापरावा.

सावंत: गुडघे दुखतात तिचे. सातव्या मजल्यावरून जिना. धन्यवाद.

जोशी (सेक्रेटरी): दुसरा विषय. ग्रुपवरून उतरवलेले फोटो १२ बाय १८ इंचात छापायला दिले. प्रिंटवाला म्हणतो, सगळे फुटतायत.

रोहन: फुटणारच. साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, ती जेमतेम ५ इंच चांगली छापली जाते. १८ इंचाला तुम्हाला हवेत ५४००. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, सोसायटीच्या मेलवर.

फडके काका: 📄 कोकणकडा_सूर्यास्त

फडके काका: 📄 कोकणकडा_सूर्यास्त_२

देवधर: 📄 राजमाची

फडके काका: 📄 कोकणकडा_सूर्यास्त_२_जांभळा_कमी

श्रुती: माझा फोन भरला.

रोहन: मेलवर, काका! मेलवर!

फडके काका: मेल आयडी टाका मग. मागच्या वर्षीही कोणी टाकला नव्हता.