मदत हवी आहे: यूके आणि शेंगेन, दोन्हीला एकच ट्रॅव्हल इन्शुरन्स चालेल का?

आई-बाबा मे महिन्यात आधी लंडनला ताईकडे आणि तिथून दहा दिवस पॅरिस-स्वित्झर्लंडला जातायत, म्हणजे व्हिसाचे अर्ज दोन: एक यूकेचा, एक शेंगेनचा (फ्रान्स-स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा). यूकेला इन्शुरन्स कंपल्सरी नाही पण शेंगेनला किमान ३०,००० युरोचं कव्हर दाखवावंच लागतं, आणि एजंट म्हणतो दोन वेगळ्या पॉलिसी घ्या (कमिशन दोनदा, दुसरं काय!). मुंबईहून निघाल्यापासून परत येईपर्यंत एकच काढली आणि सर्टिफिकेटवर शेंगेन असं स्पष्ट लिहून घेतलं तर चालतं ना? बाबा ६८ चे, बीपी-शुगर दोन्ही आहे, ते म्हणतात कशाला लिहायचं, पण मला लपवायचं नाहीये. आणि व्हिसा रिजेक्ट झाला तर प्रीमियम परत मिळालाय का कोणाला? पासपोर्ट सध्या यूकेच्या अर्जात अडकलेत, तोवर तारखा सरकल्या तर पॉलिसीत बदलून देतात का?