नैराश्यावर फोनवरून आधार: खर्च खरंच वाचतो का?

जमाखर्च: नैराश्याच्या रुग्णांना फोनवरून समुपदेशन द्यायला पैसा घालावा, असं माझं ठाम मत. प्रवास, बुडालेली रजा, सोबत येणाऱ्याचा खाडा हे कुठल्याच बिलात दिसत नाही. अंथरुणातून उठणंच ज्याला जड जातंय, त्याला दोन बस बदलून या म्हणायचं? शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या 2016 च्या अभ्यासात नैराश्य आणि चिंताविकारांच्या उपचारांवर घातलेल्या 1 डॉलरमागे 4 डॉलर परत येतात, असा हिशेब आहे.

उलटतपासणी: तो हिशेब एकूण उपचारांचा. फोनच्या नावावर खपवू नका. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या रीअॅक्ट चाचणीत नेहमीच्या उपचारांना संगणकावरच्या थेरपीची जोड दिली, फायदा काही दिसला नाही. बहुतेकांनी ती पूर्णच केली नाही.

जमाखर्च: कारण पलीकडे थेरपी देणारा माणूस नव्हता! मी माणसाबद्दल बोलतोय, अॅपबद्दल नाही. 2012 मध्ये अमेरिकेत 325 रुग्णांवर चाचणी झाली. समोरासमोरच्या थेरपीतून जवळपास 33 टक्के गळाले, फोनवरच्या थेरपीतून 21.

उलटतपासणी: पुढचंही सांगा की. थेरपी संपल्यावर सहा महिन्यांनी समोरासमोरवाले थोडे जास्त बरे होते.

फोनपलीकडची: मी हेच काम करते. ठरलेल्या वेळी फोन लावायचा, उचलत नाहीत. परत लावायचा, मेसेज टाकायचा. संध्याकाळी उत्तर येतं, 'सॉरी मॅडम, बोलावंसं वाटलं नाही.' यात गेलेल्या वेळेचे पैसे शून्य, कारण सेशन 'झालं' नाही. अहो, न उचलणं हा त्या आजाराचाच भाग आहे! पैसे सेशनमागे मिळत असतील, तर कुठलीही संस्था आधी याच लोकांची नावं यादीतून काढणार. म्हणजे जे सगळ्यात जास्त आजारी, तेच बाहेर. कागदावर मात्र दर सेशनचा खर्च कमी झालेला दिसतो.

उलटतपासणी: अगदी. पाठपुराव्याचा पगार धरा, मग बोला स्वस्ताईबद्दल.

जमाखर्च: धरा की. सेशनमागे नको, बऱ्या झालेल्या माणसामागे खर्च काढा. थोडं महाग पडलं तरी माझी हरकत नाही. डॉक्टरच नाही तिथे तुलना समोरासमोरच्या थेरपीशी नसतेच, काहीच न मिळण्याशी असते.

उलटतपासणी: आणि रात्री कोणी 'जगायचं नाही' म्हणालं, तर त्याच्या दारापर्यंत जाणारा माणूस तुमच्या हिशेबात कुठे आहे?

फोनपलीकडची: आमच्याकडे तरी नाही. नातेवाइकाचा नंबर आधीच लिहून घेतो, तोच लावतो. तो उचलेलच असं नाही.