‘लाइमलाइट’ : अर्थ, व्युत्पत्ती आणि मराठी पर्याय

‘लाइमलाइट’ हा इंग्रजी शब्द आज ‘लोकांच्या नजरा खिळलेल्या असणे, प्रसिद्धीत असणे’ या लाक्षणिक अर्थाने वापरला जातो. त्यातील ‘लाइम’ म्हणजे लिंबू नव्हे, कळीचा चुना. इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झाले आहेत. फळाचे नाव अरबी-फारसीच्या वाटेने युरोपात पोहोचले. चुन्याचे नाव जुन्या इंग्रजीतले असून त्याचा मूळ अर्थ ‘चिकट पदार्थ’ असा होता, आणि सरस किंवा गोंद या अर्थाचा जर्मन ‘लाइम’ हा त्याचाच भाऊबंद आहे.

ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्या मिश्र ज्योतीत चुन्याचा तुकडा धरला, की तो वितळण्याआधीच विलक्षण तेजाने पांढरा उजळतो. १८२०च्या दशकात थॉमस ड्रमंड या स्कॉटिश अभियंत्याने आयर्लंडच्या भूमापनात दूरच्या डोंगरांवरील खुणा दिसाव्यात म्हणून हा प्रकाश वापरला. पुढे १८३७मध्ये तो लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात आला. चुन्याचा तुकडा ज्योतीने झिजत असल्यामुळे तो सतत फिरवत राहावा लागे, म्हणून प्रत्येक दिव्यापाशी माणूस बसवलेला असे; आणि माणूस होताच, त्यामुळे रंगमंचावर फिरणाऱ्या नटाच्या मागोमाग झोतही फिरवता येई. माझ्या मते शब्दाच्या लाक्षणिक अर्थाचे बीज येथेच आहे. नुसत्या लखलखाटापेक्षा, अनेकांतून एकाला निवडून त्याचा पाठलाग करणारा प्रकाश त्यात अभिप्रेत आहे. विजेचे दिवे आल्यावर चुना गेला, शब्द राहिला.

वापराविषयी एक भेद जपावा असे वाटते. ‘स्पॉटलाइट’ माणसावर पडतो तसा एखाद्या प्रश्नावरही टाकता येतो. ‘लाइमलाइट’ मात्र बहुधा व्यक्तीचा असतो : ती त्यात येते, त्यापासून दूर राहते, किंवा दुसऱ्याच्या वाट्याचा तो हिरावून घेते.

मराठीत ‘प्रकाशझोतात येणे’ हा पर्याय रुळला आहे आणि तो उत्तम आहे. ‘प्रकाशात येणे’ त्याऐवजी चालणार नाही, कारण त्यात अज्ञात गोष्ट उघड होण्याचा अर्थ आहे. दडलेले हस्तलिखितही प्रकाशात येते. ‘गाजणे’ हा शब्द मला प्रिय असला तरी तो कानाचा आहे. पडद्याआड राहिलेल्या लेखकाचेही नाव गाजू शकते, पण म्हणून तो लेखक प्रकाशझोतात आला असे म्हणता येत नाही, कारण प्रकाशझोतात असणाऱ्याकडे लोक पाहत असावे लागतात.