नर्सरीतल्या मुलाला शाळेत शी झाली तर कोण धुणार? आणि घरी कळवणार कोण?

विश्रामबागची आई

नमस्कार, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, मुलगा साडेतीन वर्षांचा, जूनपासून नर्सरीत जातोय. डायपर सुटून वर्ष झालं, घरी सू-शी सगळं सांगतो. मी कुपवाड एमआयडीसीत नोकरीला, त्यामुळे व्हॅनमधून सासूबाई उतरवून घेतात. गेल्या मंगळवारी तो उतरला ते दुसऱ्याच कुणाच्या तरी निळ्या ढगळ चड्डीत, आणि बॅगेत त्याची स्वतःची चड्डी पिशवीत गाठ मारून ठेवलेली, टिफिनच्या डब्याला लागूनच. डायरी उघडली तर एक अक्षर नाही, ग्रुपवर त्या दिवशीच्या रंगकामाचे फोटो मात्र आलेले. संध्याकाळी मी विचारलं कुणी धुतलं रे बाळा, तर म्हणाला "काकांनी". कुठले काका, तर "शाळेतले काका" एवढंच. मॅडमना फोन लावला, उचलला नाही. रात्रभर झोप लागली नाही हो, नको नको ते मनात येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून गेले तर कळलं की मावशी सुट्टीवर होत्या, मॅडमना वर्ग सोडता येईना म्हणून शिपाईकाकांनी नेऊन धुतलं. मॅडम म्हणतात "एवढं काय त्यात, लहान मुलांचं होतंच की". होतं हे मलाही कळतं, पण मला कुणी सांगायचं की नाही? तुमच्याकडे शाळा काय करतात, आणि मी नेमकं काय मागू शकते?

मिरजेची बालवाडीताई

ताई, मी अकरा वर्षं बालवाडीत शिकवते म्हणून आमची बाजूपण सांगते, राग मानू नका. वर्गात २८ पोरं, मी एक आणि मावशी एक. एखाद्याला शी झाली की मावशी अर्धा तास तिकडेच, तेवढ्यात दुसरा सू म्हणून उभा राहतो आणि तिसरा कुणाला तरी चावलेला असतो. आणि पालकांचंही एक मत नसतं, एक आई म्हणते माझ्या मुलीला हात का लावला, दुसरी म्हणते ओल्यात का बसवून ठेवलं. काही शाळांनी तर सरळ ठरवून टाकलंय की आम्ही धुणार नाही, घरी फोन करू, तुम्ही या. आता कुपवाडहून आई येईपर्यंत पाऊण तास लेकरू तसंच कोपऱ्यात उभं, बाकीची पोरं नाक धरून हसतात. मला हे अजिबात पटत नाही. अशानं लेकरू शाळेचं नाव काढलं तरी रडायला लागतं.

आमच्याकडे अ‍ॅडमिशनलाच विचारून लिहून घेतो की धुतलं तर चालेल का, कुणी धुतलेलं चालेल, घरी शी-सू ला काय म्हणता (एक पोरगी "पोट बोलतंय" म्हणायची, आम्हाला दोन आठवडे कळलंच नव्हतं!). मग मावशीच नेतात, दार लोटलेलं असतं पण कडी लावायची नाही, आणि मी नाहीतर शेजारच्या वर्गातल्या बाई नजर जाईल अशा ठिकाणी असतो. मुलाला आधी विचारायचं, "धुऊ का रे?" जे त्याला स्वतःला जमतं ते त्याचं त्यानं करायचं. वेळ आणि कुणी धुतलं ते डायरीत, ग्रुपवर कधीच नाही, कारण ती त्या लेकराची खासगी गोष्ट आहे. दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात, तेवढं व्हायलाच पाहिजे. तुमच्या शाळेची चूक मला तिथंच दिसते.

साताऱ्याचा बाबा

आमचं उलटं झालं, म्हणून लिहितोय. मुलगी ज्युनिअर केजीत, शाळेत सू ला जायचीच नाही. टॉयलेट अंधारं, नळ वर, आणि मावशी ओरडतात म्हणून घाबरायची. पाण्याची बाटली रोज भरलेलीच घरी यायची आणि आम्ही समजायचो खेळण्यात विसरली असेल. शेवटी लघवीला जळजळ, ताप, तपासणीत इन्फेक्शन निघालं. डॉक्टर म्हणाले पाणी कमी पिणं आणि तासन्‌तास धरून ठेवणं यानं असं होतं, शीचंपण तेच, धरून धरून खडा होतो, मग दुखतं म्हणून पोर आणखी धरतं, आणि पुढे नकळत चड्डीत गळायला लागतं. त्याला आळस समजून ओरडू नका म्हणाले. मॅडमना जाऊन विचारलं तर म्हणे "हो, ती कधी जातच नाही". चार महिने माहीत होतं! हे आम्हाला पहिल्या आठवड्यात कळलं असतं तर पोरीला एवढं सोसावं लागलं नसतं. तुम्हीपण घरी मुलगा शाळेतून आल्या आल्या पळत सू ला जातो का, ते बघा.

निवृत्त मुख्याध्यापिका, कराड

बाळ, तुझी झोप उडाली हे बरोबरच आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरला शाळेच्या टॉयलेटमध्येच लहान मुलींवर अत्याचार झाले, त्यानंतर कुठल्या आईच्या मनात येणार नाही? आणि तिथे शाळेनं वेळेवर पोलिसांना कळवलं नाही म्हणून हायकोर्टानं सुनावलंही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती किंवा शंका असेल त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, "आतल्या आत मिटवू" हा पर्याय शाळेला नाहीच. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाइन नंबर घरात सगळ्यांना माहीत असू दे. शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षेसाठीची) आहे का, सगळ्या कर्मचाऱ्यांचं, व्हॅनवाल्यांचंसुद्धा, पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का हे विचार. हा तुझा हक्क आहे, भांडण नव्हे.

पण त्या काकांना लगेच गुन्हेगार ठरवू नकोस. मुलाला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नकोस, "काकांनी असं केलं का, तसं केलं का" तर मुळीच नाही, तुझा चेहरा बघून ते पोर हो म्हणेल. खेळता खेळता "मग काय झालं?" एवढंच, आणि तो सांगेल ते शांतपणे ऐक. वागण्यात काही बदल दिसला, झोपेत दचकतो, त्या जागेला हात लावू देत नाही, तर मात्र वाट बघायची नाही. आणि अवयवांची खरी नावं शिकव, म्हणजे काही झालंच तर त्याला सांगता येईल.

विश्रामबागची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवारी हे आणि मी दोघं जाऊन आलो. मुलगा व्यवस्थित आहे, खेळतोय, खातोय. काकांना भेटलो, साठीच्या घरातले आहेत, म्हणाले "ताई, लेकरू थरथरायलं होतं, मावशी न्हवत्या, तसंच कसं ठेवायचं? व्हरांड्यातल्या नळावर धुतलं, सगळ्यांसमोर". बोलताना त्यांचे डोळे भरून आले. तोच निरोप मंगळवारीच फोनवर मिळाला असता तर मी त्यांना थँक्यू म्हणाले असते, आणि मधल्या दिवसांत त्यांच्याबद्दल मनात जे आलं ते आलं नसतं. पण लेकराला उघड्यावर सगळ्यांसमोर धुणं हेपण बरोबर नाही, तेही मी बोलले.

प्रिन्सिपल मॅडमनी डायरीत लिहायचं मान्य केलंय, संमतीचा फॉर्म पुढच्या आठवड्यात देतो म्हणाल्या. व्हेरिफिकेशनचे कागद काकांचे आहेत, व्हॅनच्या ड्रायव्हरचे "बघून सांगतो". मी बॅगेत दोन जोड कपडे आणि वेगळी झिपची पिशवी ठेवायला लागलेय. आज डायरीत लिहून आलं, "१०.४० ला सू झाली, मावशींनी कपडे बदलले, मॅडम सोबत होत्या".

मावशी सुट्टीवर असतील तेव्हा कोण, हे मात्र अजून ठरलेलं नाही. शनिवारी पालक मीटिंग आहे, त्याच्या आत बालवाडीताई, तुमच्या फॉर्ममध्ये काय काय विचारता ते जमलं तर इथे टाका ना.